समासातला संशयित

उत्तरायणाच्या दिवशी अगाशीच्या शेवटच्या पायरीवर
कुणाच्या तरी कापल्या पतंगाचा मांजा पायात आला
आणि घोट्याचं हाड गेलं.
डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाऊल टेकायचं नाही.
मग महिनाभर मी माणसं मरताना पाहिली.

पुस्तकं आणायची समोरची हेत्वी, सातवीतली.
मराठी अक्षरं तिला लागतात, मराठी लागत नाही,
म्हणून सेंट्रल लायब्ररीत ती मुखपृष्ठं बघून निवडायची.
खंजीर, कंदील, बुरूज, बाईचा अर्धाच चेहरा.
“मासी, आमां तो बे खून छे,” म्हणत
मेथीच्या पिशवीतून काढून माझ्या पोटावर ठेवायची.

पहिल्या आठवड्यात गेले: एक सावकार, जुळ्यांपैकी चुकीचा भाऊ,
लॉजचा मॅनेजर,
आणि एक पोपट, ज्याला सगळं माहीत होतं.
दुसऱ्या आठवड्यात मी सुनेला विचारलं,
साखरेचा डबा डावीकडून उजवीकडे कुणी सरकवला, आणि कधी.
तिनं उत्तर दिलं नाही.
मी तेही लक्षात ठेवलं.

मग इतिहासातली रहस्यं लागली.
तळघरं, चोरवाटा, मोहर फोडलेले खलिते,
आणि प्रत्येक खलित्यात कट.
मला हसू यायचं.
कोठीच्या दप्तरात एकतीस वर्षं मोडी वाचली मी,
रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, रुमाल बांधायचा.
हत्तींना गवत इतकं. देवडीच्या दिव्यांना तेल इतकं.
तेलात चोरी होते, अशी एकदाच तक्रार सापडली;
निकाल पुढच्या रुमालात.
पुढचा रुमाल वाळवीनं खाल्लेला.

तर त्या जाड पुस्तकात, पान त्रेसष्टला,
समासात पेन्सिलीचं काहीतरी बारीक दिसलं.
आधी लांब आडवी रेघ, मग तिला लोंबती अक्षरं,
हात न उचलता.
चष्मा पुसला. मोडी!
“कारभारी?”
आणि ऐंशीला, “कारभारी नव्हे.”

माझ्याआधी कुणीतरी हाच खुनी शोधत गेलं होतं
आणि पुढच्याचा विरस होऊ नये म्हणून
संशय अशा लिपीत मांडत होतं
जी आता कुणाला येत नाही.
पुढची नेमकी मी निघाले.

त्या रात्री मी खुन्याला सोडून दिलं आणि याच्या मागे लागले.
पान एक्क्याण्णव: फतेगंजच्या बसचं तिकीट.
एकशे दहा: हळदीचं बोट, म्हणजे स्वयंपाक स्वतःच करतो,
किंवा करते.
एकशे तेवीस: “दासी खोटं बोलते. डोळे थकले.”
एकशे सत्तेचाळीसला रेघ थरथरली आहे.
“वैद्य. नक्की वैद्य.”

त्यानंतर दोनशे पानं कोरी.
कोपरा दुमडलेला नाही, डाग नाही,
दोन पानं तर छापखान्यातून आली तशीच चिकटलेली.
शेवटच्या चिठ्ठीवरचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा,
त्याच्याखाली थेट हेत्वीची तारीख.

वैद्य नव्हता.
वैद्य बिचारा पुढे स्वतःच मरतो,
आणि खुनी निघते ती, जी पहिल्या पानापासून दिवे लावत फिरते.
तेल कुठून येतं, हे कुणीच विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

प्लास्टर कापलं. पाय शेवग्याच्या शेंगेसारखा निघाला.
पुस्तक परत करायला मी स्वतः गेले, रिक्षानं.
तिथे वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे;
खाली उभं राहिलं की डोक्यावर तळव्यांचे डाग फिरतात.
एक जोडी घासत घासत आली, कपाटापाशी थांबली,
बराच वेळ थांबली.
मी मान वर करून बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

पर्समध्ये पेन्सिल होती.
एकशे सत्तेचाळीस काढलं.
“नव्हे” लिहायला मला एक झटका पुरतो, सवयीचा हात आहे.
पुस्तक मिटलं.

काउंटरवरच्या बाईंनी शिक्का उचलला.
“वाचून झालं?”
म्हटलं, माझं झालं.